नदीत टांगलेली घरं

धरणाचं पाणी सोडायचं थांबलं की मुठा बघता बघता उतरते. काठच्या झाडांवर माणसाच्या डोक्याहून उंच चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या लटकत राहतात, पूर कुठवर आला होता ते दाखवत. नदीपात्रातला रस्ता उघडतो, आधी चिखलाचा आणि मग धुळीचा. पितृपक्ष सरलेला असतो, नवरात्राचे मांडव उभे राहत असतात, आणि ऊन असं तापतं की पावसाळा होऊन गेला यावर विश्वास बसू नये. लोक ऑक्टोबरच्या नावानं बोटं मोडतात आणि दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रोडला जातात. मी हार्डबोर्ड आणायला जाते.

आता मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे बरोबर विद्यार्थी असतात. यंदा एका मुलीनं विचारलंच, “मॅम, हे ऑनलाइन रेडीमेड मिळतं, मग आपण कापत का बसायचं?” मी म्हटलं, “कारण तुम्हाला सुट्टीत दुसरा उद्योग नाही.” ती हसली आणि करवत घेऊन बसली. तिला खरं उत्तर देता आलं असतं. पण हार्डबोर्ड कापताना जो भुसा उडतो, त्याचा वास नाकात गेला की मला एक जुनी दिवाळी आठवते आणि लाज वाटते. दरवर्षी वाटते, न चुकता, आणि अजून ती जरासुद्धा विटलेली नाही.

या हार्डबोर्डचं काय करायचं, ते आधी सांगायला हवं. नदीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं, तर ते त्या घटकेपुरतं पाणी असतं. आदल्या दिवशी कुणी त्यात काय सोडलं, ते केव्हाच वाहून गेलेलं असतं. पण पाण्यातले बारके जीव जागेवर असतात, जे येईल ते अंगावर घेत. नदीची खरी हकीकत त्यांना विचारायची. आता हे जीव दगडाखाली राहतात, आणि मुठेच्या तळाशी कुठं दगड आहेत, कुठं गुडघाभर गाळ आहे, कुठं ट्रकनं आणून टाकलेला राडारोडा आहे. इथल्या जिवांची तिथल्या जिवांशी तुलना करायची कशी? म्हणून घरं आपण न्यायची. हार्डबोर्डचे तळहाताएवढे चौकोन, मधोमध भोक, एका लांब बोल्टात ओवलेले, दोन चौकोनांमध्ये वायसर घालून थोडी फट ठेवलेली. असे जुडगे दोरीनं विटेला बांधायचे आणि नदीत ठिकठिकाणी टांगून ठेवायचे. सगळीकडे तेच घर, त्याच फटी. महिनाभरानं काढून बघायचं, कुणाच्या घरात कोण राहायला आलं.

हे काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा शतक बदलायला आलं होतं. पुण्यात दर दुसऱ्या इमारतीवर कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड होता. कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीतली माझ्या वयाची सगळी मुलं कुठली ना कुठली कॉम्प्युटरची भाषा शिकत होती, आणि जी शिकून बसली होती ती व्हिसाच्या गोष्टी करत होती. मी एम.एस्सी. होऊन नदीच्या प्रकल्पावर सहायक म्हणून लागले होते. बरोबर मेधा होती, माझी वर्गमैत्रीण, नारायण पेठेतली. पहिले वायसर आणायला आम्ही दोघी बोहरी आळीत गेलो. दुकानातल्या चाचांनी पोत्यात हात घालता घालता विचारलं, “एवढे वायसर कशाला, पंप बसवताय का?” मेधा म्हणाली, “नदीत सोडायला.” ते थांबले. आमच्याकडे नीट बघून म्हणाले, “लोक नदीत नारळ सोडतात बेटा. ते स्वस्त पडतं.” आणि मापात आणखी मूठभर टाकले.

घरी मात्र कुणाला असं हसू येत नसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. नदी त्यांना फायलीत माहीत होती. कुठल्या बंधाऱ्यातून किती पाणी सुटतं ते तोंडपाठ, पण पाय कधी ओला केला नाही, आणि तो करावा लागला नाही याचा त्यांना अभिमान होता. तो का होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या वडिलांचं अख्खं आयुष्य गावाची घाण उपसण्यात गेलेलं. आप्पा शिकले, बुद्धाला शरण गेले, शहरात आले, कोथरूडला फ्लॅट घेतला. त्यांच्या बोलण्यात ण आणि ळ इतके स्वच्छ होते की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटे. सोसायटीत आमच्या आडनावावरून कुणी कधी काही बोललं नाही. पुण्यात तसं बोलत नाहीत. “मूळचे कुठले आपण?” असं फार आदरानं विचारतात आणि उत्तर ऐकून “हो का, वा” म्हणतात.

अशा माणसाची मुलगी संध्याकाळी गमबूट हातात घेऊन घरी यायची. जिन्यात पावलागणिक वास. आप्पा काही म्हणायचे नाहीत. बाथरूममध्ये गरम पाणी काढून ठेवलेलं असायचं आणि टेबलावर कॉम्प्युटर क्लासचं माहितीपत्रक. एकदा मात्र जेवताना, भाकरी मोडता मोडता म्हणाले, “नदीत उतरायला आपल्याला एम.एस्सी. लागली. बाकीच्यांना नुसतं तिकडं जन्माला यावं लागायचं.” आई म्हणाली, “जेवताना नको.” विषय तिथंच थांबला.

आणि किसनकाका होता. आप्पांचा धाकटा सख्खा भाऊ. तो शिकला नाही, म्हणजे दोघांपैकी एकालाच शिकवणं घरच्यांना झेपलं. किसनकाका ड्रेनेजच्या कामावर होता. आमच्याकडे यायचा तो बुद्धपौर्णिमेला, पांढऱ्या कपड्यांत, कानात अत्तराचा फाया घालून. सोफ्याच्या कडेला बसायचा, पाठ टेकवायचा नाही. आप्पांचे ऑफिसचे जुने शर्ट आई त्याच्यासाठी इस्त्री करून ठेवायची आणि तो ते पिशवीत घालताना दर वेळी म्हणायचा, “वैनी, मला कुठं हापिसात जायचंय.” मला तो फार आवडायचा. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी सगळी सारसबाग बघितली आहे. त्याच्या कामाचा भाग बदलून कोथरूड झाला, तेव्हापासून आप्पांनी संध्याकाळी फिरायला जायचा रस्ता बदलला. आधी मोठ्या रस्त्यानं जायचे, मग टेकडीकडे जायला लागले. टेकडीवर ड्रेनेजचे चेंबर नसतात. हे मला कळत होतं आणि मी आप्पांना काही म्हणाले नाही. म्हणायला माझी तरी काय पायरी. कॉलेजात कुणी काकांबद्दल विचारलं की मीही “नोकरी करतात” एवढंच सांगून चहा मागवायची.

डेक्कनच्या पुलाखाली आम्ही चौकोन टांगले तो दिवस आठवतो. कमरेपर्यंत काळं पाणी, त्यात कुजकी फुलं, दुधाच्या पिशव्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे. पुलावर नेहमीप्रमाणे बघे उभे. पुण्यात नदीत कोणी काही करत असलं तर स्कूटर थांबवून बघणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. त्यातला एक जण कठड्यावरून ओरडला, “ओ बाई, तो पलीकडचा कचरा पण काढा की. रोज जाताना नाक धरावं लागतं.” मेधानं वर बघितलं आणि तिच्या खास पेठी आवाजात सांगितलं, “आम्ही संशोधक आहोत. कचरा तुम्ही टाकलाय, तुम्ही काढा.” तो गृहस्थ एकदम “सॉरी, सॉरी मॅडम” म्हणाला आणि किक मारून गेला. आम्ही हसत सुटलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मेधाला राग आला होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं. कुणीतरी माझ्या वतीनं सांगून टाकलं होतं की ही कचरा उपसणाऱ्यांतली नाही. मी हातातली वीट पाण्यात सोडली. तोंड तापलं होतं.

आता काळ पालटला. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतली मंडळी नदी स्वच्छ करायला येतात. एकरंगी टी-शर्ट, नवे कोरे गमबूट, हातमोजे, पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो. माझे जुने विद्यार्थी असतात त्यांत. नदीच्या काठाला उभे राहून फोटो काढतात, सोमवारी ऑफिसात टाळ्या वाजतात. चांगलं करतात, मी नावं ठेवत नाही. मलाही एकदा हार घातला होता. गमबूट तेच, पाणी तर पूर्वीपेक्षा वाईट. कुणी उतरलं यावर त्या पाण्याची किंमत ठरते, एवढंच मी बाजूला उभी राहून बघत असते.

चौकोन वर काढायचा दिवस मात्र तेव्हाही सणासारखा होता आणि आजही आहे. आमचं एक ठिकाण धरणाच्या खाली, शिवणे गावाच्या वर होतं. तिथले चौकोन काढले तर त्यांच्यावर हिरवट सोनेरी लव चढलेली. फटींमध्ये तीन शेपट्यांची नाजूक पिल्लं, पंख फुटले की जेमतेम दिवसभर जगणारी. वाळूचे कण चिकटवून स्वतःपुरती नळी बांधणारा एक किडा. मोहरीएवढ्या गोगलगायी. मेधा म्हणाली, “या सोसायटीत मेंटेनन्स चांगला दिसतोय.” मग डेक्कनचे चौकोन काढले. त्यांच्यावर काळा, चिकट गाळ, आणि गाळात नुसत्या अळ्या. रक्तासारख्या लाल, एकीला एक लागून. बाकी कुणी नाही. घर तेच होतं, आम्हीच कापलेलं.

या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच लाल रक्त असतं, म्हणून प्राणवायू नसल्यात जमा असला तरी त्या तग धरतात. अहवालात आम्ही त्यांना सहनशील म्हणायचो. शब्द शास्त्रातलाच आहे, आजही मी फळ्यावर तोच लिहिते. लिहिताना अडखळते. त्या पाण्याची त्यांना आवड असते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. स्वच्छ पाण्यातही त्या राहतात, पण तिथं इतरांच्या गर्दीत दिसत नाहीत. घाणीत बाकीचे टिकत नाहीत म्हणून त्या दिसतात, आणि मग आपण म्हणतो, यांची जागा हीच.

त्या वर्षी चौकोन काढले ते नेमके धनत्रयोदशीच्या तोंडावर. खरं तर तिथल्या तिथं सगळे जीव स्पिरिटमध्ये घालायला हवे होते. पण स्पिरिटचं कपाट कुलूपबंद, कारण त्याला सरकारी परवाना लागतो, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ दिवाळीला कोकणात गेलेले. मग जिवंतच ठेवायचं ठरलं, नदीच्याच पाण्यात, टबात, माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप सोडून. पण कॉलेज बंद. ठेवायचं कुठं? प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, क्षणभर विचार करून अगदी मृदू आवाजात मला म्हणाले, “आपल्याकडे दिवाळी नसते ना? मग तुम्हाला सोयीचं पडेल.” मेधा माझ्याकडे बघायचं टाळून दोरी गुंडाळायला लागली. मी “हो सर” म्हटलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजन नव्हतं हे खरं. करंज्या, चकल्या, आकाशकंदील सगळं होतं, कारण सोसायटीत फराळाची ताटं फिरतात आणि आपलं ताट रिकामं परत जाऊ नये ही आईची ईर्ष्या. पण हे सरांना सांगत बसणं मला जमलं नाही.

टब गच्चीवर ठेवले. आप्पा सोसायटीच्या कमिटीवर असल्यानं गच्चीची किल्ली आमच्याकडे असायची. पाण्याच्या टाकीची सावली पडते अशी जागा बघितली, डक्टच्या, म्हणजे बाथरूमच्या पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या बोळाच्या तोंडाशी, वर ओलं गोणपाट टाकलं, पंपाची वायर खाली आमच्या खिडकीतून घेतली. रोज दोनदा जाऊन बघत होते. चार दिवस सगळं ठीक होतं. लाल अळ्या आणि तीन शेपट्यांची पिल्लं, शेजारशेजारच्या टबांत, नळीतून येणाऱ्या बुडबुड्यांखाली. खाली फटाके वाजत होते आणि मी गच्चीवर त्यांच्याजवळ बसून चकली खात होते. इतकी शांत दिवाळी मला पुन्हा मिळाली नाही.

भाऊबीजेला आई आणि मी पिंपरीला मामाकडे गेलो. दिवाळी नसली तरी भाऊबीज असते. आप्पा घरी राहिले. आम्ही निघालो आणि वीज गेली, ती दुपारपर्यंत आलीच नाही. पंप बंद, वरून ऊन. टबातलं पाणी नासलं, आणि डक्टच्या तोंडाशी ते ठेवण्याची अक्कल माझी, त्यामुळे तो सगळा वास डक्टमधून खाली उतरून सोसायटीतल्या प्रत्येक बाथरूममध्ये शिरला. भाऊबीजेच्या दिवशी, घरोघरी ओवाळणी चालू असताना. बाथरूममधून नदीचा वास आला तर माणूस गच्चीकडे कशाला बघेल? सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, चेंबर तुंबलं. आप्पांच्या नाकाचं तपकिरीनं केव्हाच मातेरं केलं होतं, त्यांना वास कळत नसे. त्यांच्या डोक्यात टब आलेच नसतील, असं मी आजवर धरून चालले आहे. सुट्टीचा दिवस, तक्रार कुठं करणार, म्हणून सेक्रेटरींनी ओळखीतून दोन माणसं बोलावून घेतली.

आम्ही परतलो तर फाटकापाशी गर्दी. नवे कपडे, नाकाला रुमाल. चेंबरचं झाकण बाजूला काढलेलं. कंपाउंडच्या भिंतीवर कुणाचा तरी शर्ट नीट घडी करून ठेवलेला होता, फिका निळा, बारीक रेघांचा. आईनं तो आधी ओळखला. तिनं माझा दंड धरला. तो शर्ट आप्पांचा होता.

किसनकाका छातीपर्यंत चेंबरमध्ये उतरलेला होता. त्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक त्याच्या जोडीदाराच्या हातात. काका मान वर करून सेक्रेटरींना सांगत होता, “साफ हाय सायेब. पानी निघून चाललंय. आत काय बी तुंबल्यालं न्हाई.”

“मग वास कुठून येतोय? अजून जरा खाली जाऊन बघ.”

“दोनदा बघितलं, सायेब.”

“अहो, आता उतरलेच आहेत तर नीट बघू देत,” तळमजल्यावरच्या सुलभाकाकू पदर नाकाला लावून म्हणाल्या. सुलभाकाकू वाईट बाई नव्हत्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता आणि त्याच्या आठवणीनं त्या सोसायटीतल्या सगळ्या मुलांना फराळ भरवायच्या. “पुन्हा पुन्हा यांना त्रास नको.”

काका खाली वाकायला लागला. तेवढ्यात मला तो वास कळला. माझा महिन्याचा सोबती होता तो, डोळे मिटूनही ओळखला असता. आणि तो जमिनीतून येत नव्हता, वरून येत होता.

“काका, वर या,” मी म्हटलं. “वास तिथला नाही.”

मी काका म्हटलं याचं कुणाला काही वाटलं नाही. पुण्यात रिक्षावाल्यालाही काका म्हणतात. त्यानं मात्र माझ्याकडे बघितलं आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाला, “तू कशाला आलीस हितं? वर जा.”

“वास गच्चीवरून येतोय,” मी सेक्रेटरींना सांगितलं. “माझे टब आहेत तिथं. नदीतले जीव ठेवलेत, संशोधनाचे. वीज गेल्यामुळे खराब झाले असणार.”

मला वाटलं आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. पडायला हवे होते. पण “संशोधनाचे” म्हटल्याबरोबर रुमाल खाली आले. “अच्छा, ते नदीचं काम होय,” कुणीतरी म्हणालं. सेक्रेटरींनी विचारलं, “कुणाच्या मार्गदर्शनाखाली?” आणि सरांचं नाव ऐकून “वा, वा” म्हणाले. सुलभाकाकूंना तर फार कौतुक वाटलं. नातवाला त्या अळ्या दाखवता येतील का, असं त्यांनी मला तिथंच विचारलं. दोघंतिघं लगबगीनं गच्ची चढायलाही लागले. तो वास एका क्षणात सुशिक्षित झाला. किसनकाका चेंबरच्या कडेवर हात टेकून बाहेर आला आणि कोपऱ्यात उभा राहिला, अंगावरून काळं पाणी निथळत. त्याला कुणी, झालं ना काम, बसा, एवढंही म्हटलं नाही. त्याला गच्चीवरच्या माझ्या टबांपायी खाली उतरवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिवण्याकडच्या टबातलं सगळं मेलं होतं, हे मी नंतर वर जाऊन बघितलं. डेक्कनच्या टबातल्या लाल अळ्या तेवढ्या वळवळत होत्या.

पण त्याच्या आधी आप्पा खाली आले. आमच्या गॅलरीतून फाटक दिसतं. म्हणजे काका उतरला तेव्हापासून दिसत असणार. ते नेहमीच्या इस्त्रीच्या कपड्यांत होते आणि हातात पाण्यानं भरलेली बादली होती. बादली हिंदकळून त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. ते थेट काकापाशी गेले. काका मागे सरकला. “दादा, कापडं खराब व्हत्याल,” तो हळूच म्हणाला. आप्पांनी त्याच्या हातावर पाणी ओतलं, मग पायावर. मग ते वळले. सुलभाकाकू आणि उरलेले चारपाच जण बघत होते. आप्पा म्हणाले, “हा किसन. माझा सख्खा धाकटा भाऊ.” आवाज अगदी स्वच्छ होता.

आईनं पुढं होऊन भिंतीवरचा शर्ट उचलला आणि छातीशी धरला. मला वाटलं, झालं, आता यापुढं टेकडीवर जायला नको. आप्पांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मग सुलभाकाकूंना कसंसंच झालं. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “आम्हाला काही कल्पनाच नाही हो, आप्पासाहेब. आधी कळलं असतं तर दुसऱ्या कुणाला उतरवलं असतं.”

त्या मनापासून बोलल्या होत्या. आप्पांनी, ठीक आहे, अशी मान हलवली. आईनं हलवली. मीही हलवली, कारण बोलणं ऐकून मला बरं वाटलं होतं. काकाचा जोडीदार आमच्यापासून हातभर अंतरावर दोर गुंडाळत उभा होता. त्याला आमच्यातलं कुणीच ओळखत नव्हतं.